372 उत्तरपत्रिका आणि दुसरं अक्षर

फर्दापूर हे नाव आपल्या हॉस्टेलमध्ये बहुतेकांना ठाऊक आहे ते अजिंठा लेण्यांच्या ट्रिपमुळे. तिथं उतरायचं, बस बदलायची, लेणी बघायची, भजी खाऊन परत. मी सोयगावचा असल्यामुळे दर ट्रिपला एक गोष्ट मला सांगावीच लागते, की अजिंठा गाव घाटाच्या वर, सिल्लोड तालुक्यात आहे; लेणी मात्र घाटाखाली, आमच्या सोयगाव तालुक्यात. पोरं म्हणतात, बरं बाबा, तुझीच लेणी. असो. 2023 च्या उन्हाळ्यात मात्र फर्दापूर पेपरात आलं ते लेण्यांमुळे नव्हे, उत्तरपत्रिकांमुळे.

झालं होतं ते असं. बारावीच्या फेब्रुवारी-मार्च 2023 च्या परीक्षेत भौतिकशास्त्राच्या तब्बल 372 उत्तरपत्रिका अशा निघाल्या की एकाच उत्तरपत्रिकेत दोन अक्षरं! काही मजकूर विद्यार्थ्याच्या हातचा आणि काही भलत्याच कुणाच्या तरी. छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळानं मुलांना बोलावून चौकशी केली. मुलांनी सांगितलं की दुसरं अक्षर आमचं नाही. पुढे सोयगाव तालुक्यातल्या दोन शिक्षकांविरुद्ध फर्दापूर पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. गुन्हा नोंदवला म्हणजे सिद्ध झाला असं होत नाही. तो निकाल कोर्टानं द्यायचा असतो, त्यामुळे त्या दोघांबद्दल मी इथं काहीच बोलणार नाही. मला बोलायचंय ते त्या 372 पोरापोरींबद्दल आणि त्यांच्या कागदाबद्दल.

तेव्हा जो तो एकच म्हणत होता, 'पोरांनीच पैसे चारले असतील, नाहीतर दुसरा कशाला लिहील?' वाचायला तर्क बरोबर वाटतो. फायदा ज्याचा, हात त्याचा! पण मित्रहो, फायदा हा पुरावा नसतो. बारावीचं पोरगं परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडतं तेव्हा त्याची उत्तरपत्रिका त्याच्या हातातून कायमची जाते. पुढे ती सुपरवायझर, केंद्र, कस्टोडियन, परीक्षक, मॉडरेटर अशी कितीतरी हातांतून फिरते. इतक्या हातांपैकी कुणी काय केलं याचा जाब त्या पोरानं द्यायचा, हे मला पटत नाही. आधी कागदाला विचारा, मग पोराला. आणि कागद बोलतो. तो कसा बोलतो याचं एक पूर्ण शास्त्र आहे. आपण इंजिनिअरिंगवाले असून आपल्याला ते सीआयडी सिरीयलमधल्या भिंगापुरतंच माहीत असतं, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला प्रश्न, अक्षर कुणाचं? इथं सगळ्यात मोठा गैरसमज असा की तज्ज्ञ दोन अक्षरं शेजारी ठेवतो आणि 'सारखं दिसतंय' किंवा 'वेगळं दिसतंय' असं सांगतो. तसं नसतं. कुठलाही माणूस एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा लिहीत नाही. दोन सह्या जर एकमेकींवर ठेवून अगदी तंतोतंत जुळल्या, तर त्यातली एक गिरवलेली असण्याचाच संशय घ्यायचा असतो! म्हणजे फरक असणं नैसर्गिक. तज्ज्ञ बघतो ते हे, की हा फरक त्याच माणसाच्या रोजच्या फरकाच्या मर्यादेत बसतो का. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्स. शाफ्टचा व्यास मोजून आपण म्हणतो ना, चालेल, लिमिटमध्ये आहे. इथं लिमिट प्रत्येक माणसाची वेगळी आणि ती त्याच्याच लिखाणातून काढावी लागते.

भौतिकशास्त्राचा पेपर तर यासाठी सोन्याची खाण. नुसती अक्षरंच नाहीत, त्यात समीकरणं आहेत, आकृत्या आहेत. लॅम्डाची शेपूट कुठून सुरू केली, म्यू एका झटक्यात काढला की दोनदा हात उचलला, सदिशाचा बाण डोक्यावर टोकदार की नुसती आडवी रेघ, सातच्या पोटात दांडी आहे का, भागाकाराची रेघ आधी ओढून मग अंक लिहिले की उलट, इंटिग्रलचं चिन्ह वरून खाली की खालून वर. या सवयी आपल्याला स्वतःला माहीत नसतात, म्हणूनच त्या लपवताही येत नाहीत. अक्षराचा आकार बदलता येतो, तिरकेपणा बदलता येतो. पण पेन कुठं टेकवायचं, कुठं उचलायचं आणि कुठं जोर द्यायचा ही हाताची सवय पानभर दाबून ठेवणं फार कठीण. पहिल्या चार ओळी जमतात, पाचव्या ओळीला मूळ हात डोकं वर काढतो. मराठीत लिहिणाऱ्याचं तर आणखी सोपं. 'ल' चे दोन प्रकार, 'श' चे दोन प्रकार, शिरोरेघ कुणी प्रत्येक अक्षरावर देतं, कुणी शब्द पुरा करून एकदम ओढतं, कुणी देतच नाही. आपल्याच विंगमधल्या दहा जणांच्या वह्या उघडून शिरोरेघा बघा. नाव न वाचता मालक ओळखू येतात.

(टर्मवर्क सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल तीन जण मिळून पुरं करतात, ही आपल्याकडची प्राचीन परंपरा आहे. सर आणि मॅडम लोकांना विनंती, हा लेख वाचून जर्नल्स भिंगाखाली धरू नयेत.)

आता तुलना करायची तर कशाशी? या शास्त्रात कागदांची तीन घरं असतात. वादातला मजकूर म्हणजे क्यू. तपासासाठी समोर बसवून लिहून घेतलेला नमुना म्हणजे एस. आणि वाद निर्माण होण्याच्या आधी, कुठलाही संशय नसताना माणसानं सहज लिहिलेला, स्वतःचा म्हणून मान्य केलेला मजकूर म्हणजे ए. समोर बसवून लिहून घेताना अडचण ही, की माणूस सावध झालेला असतो. सतरा-अठरा वर्षांचं पोर, कधी जिल्ह्याच्या ऑफिसात न गेलेलं, समोर तीन मोठी माणसं, बाहेर बाकावर घाबरलेले वडील... अशा हातानं उमटलेलं अक्षर नेहमीचं कसं येणार? आणि इथंच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. त्या प्रत्येक पोराचं उत्तम 'ए' मंडळाच्या ताब्यात आधीपासूनच असतं! रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका, गणिताची, इंग्रजीची. तोच हात, तोच महिना, तशाच छापाचा कागद, तेच परीक्षेचं टेन्शन, बहुतेकदा तेच पेन. तुलनेसाठी याहून चांगला नमुना ठरवून गोळा करायला गेलं तरी मिळणार नाही. गणिताच्या पेपरात इंटिग्रल आहे, रसायनात ग्रीक अक्षरं आहेत. मुलाला न बोलावता, न घाबरवता, पहिली चाळण इथंच लागू शकते. आणि ज्याच्यावर संशय आहे अशा कुठल्याही मोठ्या माणसाचं सहज लिखाण शाळा-कॉलेजांच्या हजेरीपटात, गुणतक्त्यांत, अर्जांत पडलेलंच असतं.

संशयिताला नमुना देण्याची सक्ती करता येते का, असा प्रश्न कुणी विचारेल. येते. 'स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात 1961 साली सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 349 व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट असा आदेश देऊ शकतो.

पण थांबा. अक्षर कुणाचं एवढ्यावरच शास्त्र संपत नाही, आणि याला पुरावा आपल्याच क्षेत्रातला आहे. मे 2017 मध्ये औरंगाबादेत पोलिसांनी एका नगरसेवकाच्या घरावर छापा टाकला. आत सिव्हिल इंजिनिअरिंगचे 27 विद्यार्थी विद्यापीठाच्या परीक्षेचा पेपर लिहीत बसले होते, परीक्षा होऊन गेल्यानंतर! तेव्हा आपल्या लाईनची जी काय शोभा झाली ती झाली. आता विचार करा, त्या उत्तरपत्रिका गुपचूप गठ्ठ्यात परत गेल्या असत्या आणि पुढे कुणाला संशय आला असता तर हस्ताक्षरतज्ज्ञानं काय सांगितलं असतं? अक्षर विद्यार्थ्याचंच आहे. शंभर टक्के! तिथं हात बरोबर होता, वेळ चुकीची होती. 2023 च्या प्रकरणात हातच दुसरा. एक फसवणूक अक्षरात दिसते, दुसरी अक्षरात दिसतच नाही. मग ती कशात दिसते?

दाबात. आज रात्री रूमवर एक प्रयोग करा. वहीच्या एका पानावर बॉलपेननं नेहमीसारखं लिहा, ते पान फाडून टाका. दिवा घालवा आणि खालच्या कोऱ्या पानावर मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. वरच्या पानावरचं लिखाण सावल्यांमधून वर येईल. याला तिरपा प्रकाश म्हणतात आणि या क्षेत्रातलं हे सगळ्यात स्वस्त उपकरण. एक सूचना, सिनेमात दाखवतात तशी त्यावर पेन्सिल घासू नका. घासली की खळगे भरतात, कागद खराब होतो आणि पुढच्या चांगल्या तपासणीचा रस्ता बंद होतो. खऱ्या तपासात असं कुणी केलं तर तज्ज्ञ डोक्याला हात लावतो.

डोळ्यांना दिसतच नाहीत इतके बारीक दाब उठवणारं यंत्र म्हणजे एस्डा, इलेक्ट्रोस्टॅटिक डिटेक्शन अपॅरेटस. 1970 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हे तयार झालं. चालतं कसं हे आपल्याला पटकन कळेल, कारण हे झेरॉक्स मशीनचं चुलत भावंड आहे. कागदाला थोडी दमट हवा देतात, सच्छिद्र धातूच्या पाटावर पसरतात, वरून एकदम पातळ प्लास्टिकची फिल्म टाकतात आणि खालून हवा ओढून सगळं घट्ट बसवतात. मग काही हजार व्होल्टची कोरोना तार वरून फिरवतात. फिल्मवर विद्युतभार बसतो, पण जिथं कागदावर पेनाचा दाब पडलेला आहे तिथं तो वेगळा बसतो. वरून बारीक मण्यांवर चढवलेला टोनर सोडला की दाबाच्या जागी काळी अक्षरं उमटतात. कागदाला ओरखडाही येत नाही. फिल्म उचलून चिकटवून ठेवली की कायमचा पुरावा.

उत्तरपत्रिकेत याचा उपयोग काय ते बघा. उत्तरपत्रिका म्हणजे एकावर एक असलेली, शिवलेली पानं. तुम्ही पाचव्या पानावर लिहिलं की दाब सातव्यावर पडतो, सातव्यावर लिहिलं की नवव्यावर. हॉलमध्ये तीन तासांत सलग लिहिलेल्या पेपरची एक साखळी तयार होते. आता समजा पाचव्या पानावर अर्धी जागा कोरी होती आणि ती चार आठवड्यांनी कुणीतरी भरली. त्याचा दाब सातव्या पानावर जाईल, पण तिथं आधीच लिहिलेलं असेल! म्हणजे शाई आधी आणि खळगा नंतर. एरवी खळगा आधी आणि शाई नंतर असते. हा क्रम पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली आणि एस्डावर ओळखता येतो. शिवाय नंतर लिहिणाऱ्यानं पान मुडपून दुसऱ्याच गठ्ठ्यावर ठेवून लिहिलं असेल तर त्याचा दाब आपल्या पेपरात येणारच नाही, तो भलत्याच विद्यार्थ्याच्या पेपरवर सापडेल. हे उलगडत गेलं तर नुसतं 'कुणी लिहिलं' नाही, तर 'कुठल्या टप्प्यावर, कशावर ठेवून लिहिलं' इथपर्यंत पोचता येतं. आणि हे कळलं की पोरगं आपोआप सुटतं, कारण त्या टप्प्यावर कागद त्याच्या हातात नव्हताच.

हे मी कल्पनेत सांगत नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या 1974 च्या बॉम्बस्फोटांसाठी सहा माणसांना 1975 मध्ये जन्मठेप झाली होती. पोलिसांनी जबाबाच्या नोंदी त्याच वेळी लिहिल्या असं सांगितलं होतं. पुढे एस्डाच्या तपासणीनं त्या दाव्यालाच सुरुंग लावला, आणि इतर पुराव्यांबरोबर हेही कोर्टासमोर आलं. ती सहाही माणसं 1991 मध्ये सुटली. सोळा वर्षांनी! कागदानं साक्ष दिली ती पोलिसांविरुद्ध.

जाता जाता आमच्या लेण्यांचंही एक उदाहरण देतो. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव आणि एप्रिल 1819 ची तारीख कोरून ठेवली आहे, तीही चित्रावर. ट्रिपला गाईड दाखवतो तेव्हा पोरं विचारतात, एवढ्या उंचावर हात कसा पोचला? तेव्हा लेण्यात सुमारे पाच फूट राडारोडा साचला होता, तो त्यावर उभा होता. म्हणजे तारीख पुसून टाकली तरी त्या लिखाणाची नुसती उंची सांगते की ते राडारोडा काढण्याच्या आधीचं आहे. मजकूर काय म्हणतो याच्या इतकंच तो कुठं आणि कशावर बसलाय याला महत्त्व असतं.

शाईबद्दल थोडक्यात. दोन कंपन्यांचे निळे बॉलपेन साध्या उजेडात अगदी सारखे दिसतात. इन्फ्रारेडमध्ये बघितलं तर एक शाई चक्क गायब होऊ शकते आणि दुसरी तशीच राहते, किंवा एखादी चमकते. व्हिडिओ स्पेक्ट्रल कंपॅरेटर नावाचं यंत्र हेच वेगवेगळ्या तरंगलांबीत दाखवतं. अकरावी-बारावीला प्रॅक्टिकलमध्ये क्रोमॅटोग्राफी केली होती ना, तीच पातळ थरावर करून शाईतले रंग वेगळे काढतात. पण त्यासाठी कागदाचा बारीक तुकडा काढावा लागतो, म्हणून ते शेवटी. जेल पेनच्या पिगमेंटवाल्या शाईला तर हा प्रयोग बरेचदा दादच देत नाही. आणि 'शाई किती दिवसांपूर्वीची' हे सांगणं, जे सिरीयलमध्ये दोन मिनिटांत होतं, ते प्रत्यक्षात फार अवघड आणि वादग्रस्त आहे. ज्यानं तुम्हाला छातीठोकपणे तारीख सांगितली त्याच्यापासून जरा जपूनच.

कारण तज्ज्ञही चुकतो, आणि चुकतो तेव्हा भयंकर चुकतो. फ्रान्समध्ये 1894 साली कॅप्टन ड्रेफसवर हेरगिरीचा आरोप झाला तेव्हा बर्तियाँ या नामवंत पोलिस अधिकाऱ्यानं अक्षर ड्रेफसचंच ठरवलं. जिथं जुळलं नाही तिथं त्यानं असा युक्तिवाद केला की ड्रेफसनं मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली! जुळलं तरी दोषी, नाही जुळलं तरी दोषी. ड्रेफस निर्दोष असल्याचं 1906 मध्ये मान्य झालं. त्यामुळे आपल्या कायद्यात हस्ताक्षरतज्ज्ञाचं म्हणणं 'मत' म्हणूनच येतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 45 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 39 आहे. सुप्रीम कोर्टानं 1980 च्या मुरारीलाल खटल्यात म्हटलं की तज्ज्ञाचं मत केवळ दुजोरा नाही म्हणून फेकून देऊ नका, पण सावध राहा, त्याची कारणं तपासा. मला हे फार योग्य वाटतं. आपणही व्हायवात नुसतं उत्तर सांगितलं तर सर 'का?' विचारतातच की.

आता मुद्द्यावर. राज्यात सीआयडीकडे दस्तऐवज परीक्षकांची यंत्रणा पुण्यात आहे, केंद्राचं जुनं कार्यालय सिमल्याला आहे. यंत्रं आहेत, माणसं आहेत, पण काम डोंगराएवढं. तेव्हा प्रत्येक वेळी कागद तिकडं पाठवण्याची पाळीच येऊ नये असं काहीतरी आधीच करायला हवं. दुसरं अक्षर घुसतं ते कोऱ्या जागेत. कोरी जागाच ठेवली नाही तर? बँकेत चेकवर आकड्यानंतर आपण रेघ ओढतो, दस्तावर रिकामी जागा खोडतो. मग ज्या कागदावर पोराचं अख्खं वर्ष टांगलेलं आहे त्यावर का नाही? पेपर संपल्याची घंटा झाली की सुपरवायझरनं दोन मिनिटं द्यावीत, विद्यार्थ्यानं प्रत्येक कोऱ्या पानावर आणि अर्ध्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारावी, शेवटच्या ओळीखाली 'समाप्त' लिहावं आणि किती पानं लिहिली तो आकडा पहिल्या पानावर टाकावा. खर्च शून्य. कुणी म्हणेल, स्कॅनिंग करून कॉम्प्युटरवर पेपर तपासा म्हणजे झालं. स्कॅनिंगचा फायदा आहेच, परीक्षकाच्या हातात जाण्याआधीच कागद जसा होता तसा गोठतो. पण स्कॅनमध्ये दाब येत नाही, शाईचा गुण येत नाही. स्कॅन केलं म्हणून मूळ कागद रद्दीत घालायचा नाही, एवढं पथ्य हवं.

आणि संशय आलाच तर गठ्ठा तिथंच सील व्हावा. ऑफिसातल्या पाच जणांनी पानं चाळून, बोटं फिरवून, संशयास्पद ओळींखाली लाल रेघा ओढून मग तज्ज्ञाकडं पाठवलेला कागद म्हणजे पंचनाम्याआधी पाणी मारून धुतलेली जागा.

आपल्या कॉलेजपुरतं सांगायचं तर क्लास टेस्टच्या उत्तरपत्रिका आपल्याच परीक्षा विभागाच्या हातात असतात, विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पुढच्या क्लास टेस्टपासून तिरक्या रेघेची सूचना पहिल्या पानावर छापावी, छपाई आधीच झाली असेल तर रबरी शिक्का मारावा, असा अर्ज मी आमच्या वर्गातर्फे तयार केला आहे. मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय. ज्यांना पटतं त्यांनी सही करावी. स्वतःची, दुसऱ्याची नको.